चौथी घडी

सीतारामने पिशवीतून पुस्तक काढून टीपॉयवर ठेवलं. ते पालथं पडलं, आणि त्याला जरा बरंच वाटलं.

समोर त्याचा थोरला भाऊ बसला होता. घरीदारी सगळे त्याला भाऊच म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर. त्याने हात लांब करून पुस्तक सरळ केलं. मुखपृष्ठावर काळी हॅट घातलेला खलनायक जॅस्पर ड्रेल खुर्चीत बसला होता. कमरेला पिस्तूल, गुडघ्यावर घडी घातलेला पांढरा रुमाल. भाऊने ते चित्र बराच वेळ पाहिलं.

"न... न..."

"नवीन आवृत्ती," सीताराम म्हणाला. "चाळीस वर्षांनी काढतायत."

भाऊने मान डोलावली. त्याची जीभ शब्दाच्या उंबरठ्यालाच अडायची, अगदी लहानपणापासून. तो अडला की पुढचा शब्द सीतारामने पुरवायचा, ही घरची रीतच पडून गेली होती. 'धाकटा किती हुशार, मनातलं ओळखतो,' म्हणून आई कौतुक करायची.

सीतारामने अमेरिका कधी पाहिली नव्हती. कल्याणच्या दोन खोल्यांत बसून त्याने बावीस काउबॉय कादंबऱ्या लिहिल्या. स्टेशनबाहेरच्या टांग्यांचे घोडे तिकडे नेले, भुसार बाजारातल्या एका वखारीचा दारूचा गुत्ता केला. खलनायक काही केल्या जमेना, तेव्हा घरातच हात घातला. अवघड शब्द आला की भाऊ खिशातून रुमाल काढायचा, गुडघ्यावर पसरायचा आणि सावकाश घड्या घालायचा. चौथ्या घडीला शब्द बाहेर पडायचा. तो रुमाल सीतारामने उचलला आणि ड्रेलच्या गुडघ्यावर ठेवला. ड्रेलची चौथी घडी पडली की गोळी सुटायची.

वाचनालयांत त्या पुस्तकांवर उड्या पडल्या. नायकाचं नाव आज खुद्द लेखकालाही पटकन आठवत नाही, ड्रेल मात्र घरोघरी पोचला. सगळ्यांत आधी पोचला तो त्यांच्याच आळीत. भाऊने रुमाल काढला की पोरं दोन्ही हात वर करून भिंतीला टेकायची. काही दिवसांनी भाऊने रुमाल बाळगणं सोडलं. मग हळूहळू बोलणंही.

आता नव्या आवृत्तीच्या संपादिकेला, ऋजुताला, प्रस्तावना हवी होती. ड्रेल तुम्हाला सापडला कुठे, एवढंच लिहा म्हणाली. आजवर कुणी विचारलं की सीताराम इंग्रजी सिनेमांकडे बोट दाखवून मोकळा व्हायचा. या वेळी खरं लिहायचं त्याने ठरवलं होतं. पण त्याआधी भाऊची माफी मागायची होती. तेवढ्यासाठी तो भर दुपारी डोंबिवलीहून रिक्षा करून ठाकुर्लीला आला होता.

"भाऊ, तो रुमाल तुझा होता," तो म्हणाला. "मी तो न विचारता घेतला आणि एका खुनी माणसाला दिला. चुकलं माझं."

भाऊ खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला आणि आतल्या खोलीत गेला.

मंदाकिनीवहिनी चहा घेऊन आल्या. सीतारामचा चेहरा बघून त्यांनीच विषय काढला.

"ह्यांना ते केव्हाच माहीत आहे, भावोजी. आत कपाटात तुमची बावीसच्या बावीस पुस्तकं आहेत. दरवर्षी पहिल्यापासून वाचायला घेतात."

सीतारामला ते खरं वाटेना. आपलीच टर उडवणारं पुस्तक कोण परत परत वाचेल, असं तो पुटपुटला.

"मीही विचारलं होतं. सांगता सांगता अख्खी संध्याकाळ गेली ह्यांची," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, त्या गावात चौथी घडी पडेपर्यंत सगळे थांबतात. मध्ये कुणी बोलत नाही."

सीतारामने कप टीपॉयवर ठेवला. बावीस पुस्तकं लिहून झाली होती, पण हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. आपण माफी भलत्याच गोष्टीची मागितली, हे त्याला कळलं आणि अगदी कानकोंडं झालं.

भाऊ बाहेर आला. हातात पांढरा रुमाल होता, इस्त्रीचा, कपाटातल्या डांबरगोळ्यांच्या वासाचा. तो खुर्चीत बसला आणि रुमाल गुडघ्यावर पसरला. वहिनी रिकामा ट्रे घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या.

पहिली घडी. कडेला कड बरोबर जुळली.

"सी... सीता..."

दुसरी घडी. सीताराम गप्प होता. काही झालं तरी गप्पच बसायचं, असं तो स्वतःला बजावत होता.

"मी... मी तु..."

तिसरी. भाऊच्या मानेवरची शीर ताठ झाली, ओठ एकदा मिटले, पुन्हा उघडले. एवढे कष्ट त्याला आपल्यापायी पडतायत हे सीतारामला बघवेना. आणि तो शब्द ऐकायला त्याचा जीव नुसता आसुसला होता.

"माफ केलंस," तो म्हणाला. "कळलं, भाऊ. कळलं मला. नको त्रास करून घेऊस."

भाऊचा हात थांबला. त्याने तीन घड्यांचा तो रुमाल तसाच उचलून खिशात ठेवला आणि मान डोलावली.