घुबडांचा डेपो

जिना चढताना मानसिंगने गळ्यातला टॉवेल पुन्हा नीट केला. पिवळ्या काठाचा टॉवेल, हीच खूण ठरली होती.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या कापडदुकानावरच्या हॉलच्या दारात आयेशा उभी होती. मालिकेच्या चाहत्यांचा मोबाईलवरचा ग्रुप तिनेच काढलेला. तिने नाव विचारलं नाही. खरं नाव कुणी कुणाला विचारायचं नाही, हा तिथला नियम होता.

"ग्रुपवर कोण तुम्ही?"

"कंडक्टर."

"कंडक्टर म्हणजे तुम्ही? मला वाटलं, कॉलेजातलं पोरगं असेल." तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आज मोठी माणसंही यायला लागली की."

पुठ्ठ्याचा घुबडाचा मुखवटा आणि एक सोलापुरी चादर तिने त्याच्या हातात दिली. चादर डोक्यावरून घेऊन पायापर्यंत सोडायची, मालिकेतल्यासारखी.

मालिका जपानी, हलत्या चित्रांची. पडद्यावर खाली मराठी ओळी आयेशाने बसवलेल्या. बंद पडलेल्या बस डेपोत चौघं राहतात: तुरुंगातून सुटलेला शिंपी, म्हातारी बसड्रायव्हर, एक मुकी मुलगी आणि घरातून पळालेला तोमो. रक्ताचं नातं कुणाचंच कुणाशी नाही. बाहेर ते घुबडाचे मुखवटे घालून फिरतात आणि फक्त आपल्या माणसासमोर ते उतरवतात. आज शेवटचा भाग. तोमोचा बाप त्याला न्यायला येणार होता.

महिनाभर ग्रुपवर तेच चाललं होतं. तोमोने जावं, असं म्हणणाऱ्यांना बाकीचे धुवून काढत. बाप दिसला की म्हातारीने अंगावर बस घालावी, असं एकाने लिहिलं. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मानसिंगने ते गावी मोडनिंबला गोठ्यात बसून वाचलं आणि मोबाईल खिशात टाकला.

त्याच्या मुलाला, अजिंक्यला, घर सोडून दोन वर्षं झाली होती. इंजिनिअरिंग सोडून चित्रं काढतो म्हणाला, तेव्हा मानसिंगने त्याची रंगांची पेटी उचलून विहिरीत फेकली होती. पोराने त्याच संध्याकाळी घर सोडलं आणि मोबाईलचा नंबरही बदलला. पहाटे मानसिंग विहिरीत उतरला होता, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पेटी सापडली नाही.

पोरगा सोलापुरात आहे आणि या मालिकेच्या नादात असतो, एवढं त्याचा वर्गमित्र बिरुदेव एकदा ओसरीवर चहा पिताना बोलून गेला. पुढे मानसिंगने त्यालाच गाठून ग्रुपमध्ये शिरकाव करून घेतला. बायकोला, मथुराबाईला, सांगू नको म्हणाला, पोराची आई आहे, उगीच आशेला लागेल. बिरुदेव कसनुसा हसला आणि व्हय म्हणाला.

मग 'रिकामं ताट' नावाने कुणीतरी लिहिलं: तोमो घरी असताना चुलीपाशी उभ्यानेच गरम भाकरीचा पापुद्रा मीठ लावून खात असेल. पोरांनी चेष्टा केली, जपानात भाकरी कुठली. मानसिंगने मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. अजिंक्य तसाच खायचा.

त्याने गळ टाकला. "माझी पण रंगांची पेटी बापानं विहिरीत टाकली," असं लिहिलं. रिकामं ताट गप्प झालं. पोरगा सावध झाला, आता हातचा गेला, असं त्याला वाटलं. पण दोन दिवसांनी निरोप आला. शेवटच्या भागाला ये, मागच्या जिन्यापाशी बस, पिवळ्या काठाचा टॉवेल गळ्यात ठेव, मीही ठेवीन.

नशिबाने मथुराबाई कालच अक्कलकोटला दर्शनाला गेली होती. तिच्याशी खोटं बोलावं लागलं नाही.

मागच्या जिन्यापाशी पिवळ्या काठाचा टॉवेल दिसला, त्याच्यासारखाच चादरीवरून गळ्यात घेतलेला. चादरीत कुणी आकसून बसलं होतं. वाळलाय, मानसिंगला वाटलं. तो शेजारी टेकला. दोन्ही मुखवटे एकमेकांकडे वळले आणि पुन्हा समोर झाले. शेजारच्या मांडीवरच्या गाठोड्यातून शेंगाचटणीचा वास येत होता.

पडदे ओढण्याआधी आयेशा बोलली. घर सोडून आलेल्यांनी मागेच बसावं. कुणाच्या घरचं माणूस शिरलंय असा संशय आला, तर ती दोनदा टाळी वाजवेल. टाळी झाली की जिना उतरायचा, मागे बघायचं नाही.

सगळा भाग मानसिंगने टाळीकडे कान लावून काढला. कंडक्टरचं वय तिला कळलं होतं. ती दोनदा मागे आली, दोनदा त्याच्यापाशी थबकली.

पडद्यावर बाप डेपोत शिरला तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. "बस काढ, म्हातारे," कुणीतरी म्हणालं. बापाने पिशवीतून मुखवटा काढला. स्वतःच केलेला, वाकडातिकडा, एक डोळा मोठा. तो तोंडावर चढवून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत आला नाही.

शिट्ट्या थांबल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. तोमोचा हात स्वतःच्या मुखवट्याकडे गेला आणि भाग तिथेच संपला.

"उतरवला का न्हाय मग?" कुणीतरी वैतागून विचारलं.

आयेशाने दिवे लावले नाहीत. ज्याचं माणूस इथं असेल त्याने त्याच्यासमोर मुखवटा उतरवायचा, बाकीच्यांनी तसंच घरी जायचं, असं ती म्हणाली.

मानसिंगने आठवडाभर एक वाक्य घोकलं होतं. चुकलो, बाळा, एवढंच म्हणायचं होतं. त्याने हात मुखवट्याकडे नेला आणि थांबला. चेहरा दिसताच पोरगा जिना गाठेल, ही भीती होती.

तेवढ्यात शेजारच्या चादरीतून हात आला आणि त्याचं मनगट घट्ट धरलं. गाठोडं त्याच्या मांडीवर सरकवलं गेलं. मुखवट्याआडून दबलेला आवाज आला:

"अजू, भिऊ नगंस. तुझ्या बापाला म्या अक्कलकोटला जाते म्हणून सांगून आलेय."