लालवर हिरवा

टक्.

किटलीचं बटण उडालं, तेव्हा कुठे तिला चहाची आठवण झाली.

तिने दोन कपांत पाणी ओतलं. एकात चहाची पुडी टाकली, दुसऱ्यात टाकायची विसरली. दादाने तो नुसत्या पाण्याचा कप मुकाट्याने आपल्याकडे ओढला. बहीण-भाऊ दोघंही एकाच कामावर होते. कारखाना म्हणू नका, कचेरी म्हणू नका, जिथे जिथे माणूस विजेच्या वस्तूला हात लावतो तिथे जायचं आणि एकेक वस्तू मीटरला लावून बघायची. धड असली तर हिरवा स्टिकर, नसली तर लाल.

“मावशी जागच्या जागी गेली?” तिने विचारलं.

“हात इस्त्रीला चिकटून राहिला. बाजूच्या मुलीने लाकडी फळीने सोडवला, पण तोवर काही उरलं नव्हतं.”

शिवणकामाच्या एका कारखान्यात मावशी इस्त्रीवर होती; शिवलेल्या प्रत्येक कपड्याला तिचाच हात लागायचा. ती कोणालाही नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे तिचे ‘राजा’.

“दादा, त्या इस्त्रीला मी लाल लावला होता रे. आतून अर्थिंगची वायर तुटली होती. मीटर बोंबलत होता नुसता.”

“मला सांगतेस? लाल आहेच. पण त्याच्यावर हिरवा आहे. अगदी बरोबर झाकून बसवलाय. मी माझ्या डोळ्यांनी बघून आलो.” त्याने पाण्याचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आणि प्लग? लाल लावला की प्लग कापायचा. हे तुला मीच शिकवलं ना?”

ती कपाच्या कानाशी बोट घासत राहिली.

“पक्कड हातात घेतली होती. मावशी गयावया करायला लागली. कापू नको गं राजा म्हणाली, मालक दुरुस्त करून आणेल, नाहीतर नवी येईपर्यंत मला घरी बसवेल.”

“आणि तुझं काळीज लोण्याचं.”

त्याला रागावायचं होतं, पण ते जमलं नाही.

“बरं, ऐक. मालकाला धरलंय. काम खोळंबू नये म्हणून त्यानेच हिरवा चिकटवला, असं सगळे म्हणतायत. तो छाती बडवून सांगतोय, साहेब, मला स्टिकर मिळणार कुठून? कोण ऐकतंय त्याचं! उद्या तुला चौकीवर बोलावलंय. दोनच वाक्यं बोलायची. लाल माझा, हिरवा माझा नाही. प्लगचं विचारलं तर तेही खरं सांग. बोलणी बसतील, पण सुटशील.”

“आणि तो?”

“तो आत जाईल.”

“जाऊ दे मेल्याला. सडू दे तिथे. चार कपडे जास्त निघावेत म्हणून बाईचा जीव घेतला.” इतक्या वेळात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. दुधासाठी ती फ्रिजकडे वळली.

“चोराच्या मनात चांदणं,” दादा मागून म्हणाला. “घाईघाईत उलटा लावलाय गाढवाने. अक्षरं डोक्यावर.”

तिचा हात फ्रिजच्या मुठीवर तसाच राहिला.

फ्रिजच्या दारावर, तिच्या कमरेच्या उंचीला, हिरव्या स्टिकरांची वेडीवाकडी रांग होती. रोल संपत आला की उरलेले तिच्या लेकीला, ठकीला, खेळायला मिळायचे. ठकीला अजून अक्षरं येत नव्हती. सोलायचा आणि हातात आला तसा चिकटवायचा. ‘पास’, ‘पास’, ‘पास’, सगळे शीर्षासनात. घरात कोणी आलं की आई स्वतःच हसून दाखवायची, आमच्या घरातलं सगळं पास आहे, फक्त उभं राहून वाचू नका.

“काय झालं गं?”

“दूध संपलंय,” ती म्हणाली. दार तिने उघडलंच नव्हतं.

आतल्या खोलीतून ठकी आली. काखेत बाहुली, बाहुलीच्या कपाळावर हिरवा स्टिकर.

“मामा! तू कधी आलास?”

“आत्ताच, ठकाबाई. बाहुली पास झाली वाटतं?”

“आधी नापास होती. मीच पास केली.”

“अशी कशी? फुकटात?”

“अरे, नापास झालं की घरी बसवतात!” मामाला एवढंही कळत नाही म्हणून ठकीने कपाळाला हात लावला. “मावशी म्हणाली ना.”

“कुठली मावशी?” मामाच्या चेहऱ्यावर हसू अजून तसंच होतं.

“ती गं आई, बटणांची माळ देणारी. शाळेला सुट्टी होती तेव्हा तू मला नेलंस, तिथली. तू पुढच्या मशीनकडे गेलीस आणि ती पदराने डोळे पुसत होती. मग मी तुझ्या पिशवीतला एक हिरवा घेतला.” ठकीने आवाज एकदम बारीक केला. “तुला नाही सांगितलं. गंमत होती.”

दादाने कप खाली ठेवला, आवाज होऊ न देता. तो बहिणीकडे बघत नव्हता. फ्रिजच्या दाराकडे बघत होता.

ठकी येऊन आईच्या पायांना बिलगली. आईचे हात खाली आले, पण तिच्या केसांपाशी पोचून थबकले.

“आई, सांग ना. मग मावशीला नाही ना बसवलं घरी?”