चाळीस पावलं

"विहीर काढून टाकली कावून?" जानकीबाईंनी विचारलं.

दिग्दर्शक खुर्चीवरून उठला. सकाळपासून तिसऱ्यांदा ही बाई चित्रीकरण थांबवत होती.

"आजी, कोणती विहीर?"

"मलाच विचारता? 'बालाघाटचा वाटाड्या' करायला आलात ना? मग खजिना कुठं घावतो? बुजलेल्या विहिरीत. आन तुमी तो ठिवलाय देवळाच्या ओवरीत, पत्र्याच्या पेटीत. लाज वाटंना?"

लोक हसले. पाटोद्यापासून बारा किलोमीटरवरच्या या गावात चार महिने नळाला पाणी नव्हतं. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे दिवस घागरी रांगेत ठेवून गाव चित्रीकरण बघत उभं राहायचं. कादंबरी साठ वर्षांपूर्वीची, याच डोंगरात घडणारी. तिच्यावर टीव्हीवर एकदा मालिका होऊन गेली होती. आता नव्यानं होत होती.

"जुन्या मालिकेत विहीर नव्हती," लेखिका म्हणाली.

"तवाच्यांनीबी खाल्लीच! त्यांचंच उष्टं तुमी वाढताय. पुस्तक वाचलंय का तुमच्यातल्या एकानं तरी?"

कुणीच वाचलं नव्हतं. पुस्तक कित्येक वर्षांत छापलेलंच नव्हतं. वाहिनीनं चार पानांचा सारांश दिला होता, त्याच्यावर तेरा भाग उभे होते.

जानकीबाईंनी पिशवीतून फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. गावचं वाचनालय बंद पडेपर्यंत सव्वीस वर्षं त्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. चष्मा पुसून त्यांनी एकशे बारावं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "'मारुतीच्या पाठीमागं उभा राहा. उगवतीकडं तोंड करून चाळीस पावलं चाल. तिथं खण.'"

दिग्दर्शकानं हात पुढं केला. तोवर पुस्तक पुन्हा फडक्यात गेलं होतं.

"हातात देणार न्हाई. पानं सुटलीत."

दुपारी दिग्दर्शक अर्जुनरावांकडे गेला. अर्जुनराव पाणीवापर सहकारी संस्थेचे चेअरमन. युनिटची जेवणं, जीप, जनरेटर सगळं त्यांचं. बदल्यात मालिकेच्या सुरुवातीला संस्थेचं नाव झळकणार होतं.

"तिचं मनावर घेऊ नका," अर्जुनराव म्हणाले. "तिला रोज कुणीतरी लागतंय भांडायला. मागं नळासाठी तहसिलीत जाऊन बसलती. सायेब म्हनले, पुरावा आना. आली माघारी."

"पण ती पेपरवाल्यांना बोलली तर? मूळ कादंबरीची वाट लावली म्हणून आधीच ओरड चालू आहे."

"मग खणा की खड्डा! देवळामागं गायरानच हाय. पहिली कुदळ आमच्या हातनं. बीडचे वार्ताहर मी बोलावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावलं शहादेवनं मोजली. जानकीबाईंचे गुडघे दुखत होते. शहादेवचं गावाला पाणी सोडायचं काम चार महिने बंद होतं, म्हणून तो युनिटकडं मजुरीला लागला होता. चाळिसाव्या पावलावर त्यानं टाच रोवली.

"अजून दोन हात पुढं," जानकीबाई म्हणाल्या. "पुस्तकातला मानूस लांब टांगंचा हाय."

शहादेव मुकाट्यानं दोन हात पुढं सरकला. दिग्दर्शकानं तिथं चुन्याची खूण करून घेतली. या बाईपुढं आता त्याला चूक करायची नव्हती.

अर्जुनराव फेटा बांधून आले. नारळ फुटला. कुदळ हातात घेऊन त्यांनी चुन्याची खूण पाहिली आणि थांबले.

"इथं? इथं खडक लागंल. तिकडं लिंबाखाली घ्या."

"पुस्तकात इथंच आहे," दिग्दर्शक म्हणाला.

"पुस्तक काय सातबारा हाय का?"

"कॅमेरा चालू आहे, साहेब."

बीडहून आलेल्या दोन्ही वार्ताहरांनी मोबाइल वर धरले होते. अर्जुनरावांनी कुदळ जमिनीला नुसती टेकवली. टाळ्या पडल्या.

"द्या हिकडं," शहादेव म्हणाला. त्यानं कुदळ डोक्यावर नेऊन आणली. एकदा, दोनदा, दहादा. मांडीभर खोल खड्डा झाला. पुढच्या घावाला खालून फस्सकन आवाज आला आणि पुरुषभर उंच पाणी उडालं.

"पाणी! विहिरीला पाणी!"

बाया घागरी घेऊन धावल्या. नायकाचं काम करणारा नट भिजत उभा राहिला आणि खरंच रडायला लागला. "थांबू नका, घेत राहा!" दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून ओरडला. साठ वर्षांपूर्वीचं पुस्तक खरं निघालं होतं.

घागर घेऊन आलेल्या छबुबाईनं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली.

"बया! हे तर टीसीएलचं पाणी हाय."

घागरी थांबल्या. पाणी शुद्ध करायची टीसीएलची पावडर गावात एकाच ठिकाणी पडायची, नळाच्या टाकीत. शहादेवनं खड्ड्यात उतरून हातानं चिखल बाजूला केला. मनगटाएवढा काळा पाइप दिसला. एका बाजूनं तो गावच्या टाकीकडून येत होता. दुसऱ्या बाजूला, गायरान संपलं की अर्जुनरावांचा ऊस होता. एवढ्या उन्हाळ्यात हिरवागार.

वार्ताहर मोबाइल खाली घेईनात. अर्जुनराव जीपकडं वळले. जीपपुढं घागरी मांडून बाया बसल्या होत्या.

"चार महिने लेकरं टँकरमागं पळाली तुमच्यापायी," छबुबाई म्हणाली. "बसा आता इथंच. तहसीलदार येऊ द्या."

दिग्दर्शक खड्ड्याच्या काठावर टेकला. शेजारी जानकीबाई उभ्या होत्या.

"आजी, आता तरी बघू द्या."

त्यांनी फडकं सोडलं आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. "घ्या. आता सुटली पानं तर सुटली."

त्यानं एकशे बारावं पान काढलं. तिथं वाटाड्या पोरांना खांद्यावर घेऊन भरल्या नदीतून पलीकडं नेत होता. त्यानं पुढची पानं चाळली, मागची चाळली, शेवटापर्यंत गेला. खजिना गडाच्या तटात, एका कपारीत सापडत होता. सबंध पुस्तकात कुणी जमिनीला कुदळ लावली नव्हती.