रेवाचा घास

अनुजाने कपाळाला अनुभवपट्टी बांधली. सव्वा वर्षाच्या रेवाने गेल्या दोन दिवसांत जे जे अनुभवलं, ते आता तिच्या आईला रेवा होऊन अनुभवता येणार होतं. उद्यापासून अनुजाची नोकरी सुरू होणार होती. रेवाला रोबोदाईच्या केंद्रात ठेवायचं की शेजारच्या दमयंतीकाकूंच्या पाळणाघरात, हे आजच ठरवायचं होतं. दोन्हीकडे तिला एकेक दिवस ठेवून झालं होतं.

आधी केंद्रातला दिवस. किती छान! ना रडारड, ना ओलं दुपटं. जेवताना रेवाने मुठीतला वरणभात रोबोदाईपुढे धरला. "धन्यवाद, बाळ," असं गोड म्हणत दाईने तो हळूच पुसून टाकला. अनुजाच्या छातीत काहीतरी खट्टकन विझलं.

मग काकूंकडचा दिवस. बाप रे, केवढा तो गोंगाट! रेवा पडली काय, तिने भोकाड पसरलं काय! पण तीच चिकट मूठ पुढे झाली आणि काकूंनी मोठ्ठा आ करून घास मटकावला. "आहाहा! आणखी दे गं, माझे आई!" अनुजाच्या अंगभर असा आनंद उसळला, की पट्टी काढली तेव्हा ती हसतही होती आणि रडतही होती.

ती तशीच शेजारी धावली आणि काकूंच्या गळ्यातच पडली.

"अगं, झालं काय?"

"काकू, तुम्ही तिचा उष्टा भात खाल्लात!"

"मग? एवढ्या प्रेमाने भरवते पोर, नाही कसं म्हणू?"

"उद्या सकाळी आणते तिला," अनुजा डोळे पुसत म्हणाली.

"आण, आण. आणि डब्यातल्या भातावर तूप जरा सढळ हाताने घाल. मलाही आवडतं!"