सेरेमनी म्हणजे काय

फिटरच्या निवृत्तीची नोटीस लागली. तिच्यात त्याचं नाव आणि पुढे ‘सेरेमनी, अकरा वाजता’ एवढंच. त्याने क्लार्कला अर्थ विचारला.

“लग्नालाही म्हणतात, मयतालाही. नीट कपडे घालून या म्हणजे झालं.”

तो बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसला. साहेबांनीही नोटीसच वाचली होती; फिटरचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी टेबलावर पुष्पचक्र ठेवलं, “माणूस प्रामाणिक होता” म्हणाले आणि दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. साहेबांची चूक काढणार कोण? सगळे निमूट उभे राहिले.

“अगं, मला मेलेला समजतायत. सांगून येतो.”

बायकोने त्याचा हात धरून ठेवला.

“गप्प राहा हो. तीस वर्षांत पहिल्यांदाच तुमच्यासाठी कुणी उभं राहिलंय.”