ताटांचं सूत्र

"आजपासून इथं तुझं ताट वाढलं जाणार नाही!" दादा उंबरा ओलांडून गेला, तेव्हाचा बाबांचा तो आवाज धाकटीच्या कानांत अजून घुमत असे. त्यानंतर घरात दादाचं नाव काढायची कुणाची छाती झाली नव्हती.

आज ती खानावळीतल्या रोजच्या ताटांचा तक्ता जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर उतरवत होती आणि बाबा तिच्या पाठीमागे येरझारा घालत होते.

"जसंच्या तसं उचल. आकडा हलता कामा नये, सूत्रही नाही."

"बाबा, तुम्ही आधी खाली बसा बघू. तुमच्या फेऱ्यांनीच हलेल सगळं!"

नक्कल पडताळायला तिने एक चौकट उघडली. सूत्र साधंच होतं, गिऱ्हाइकं अधिक घरची माणसं. पण शेवटी आणखी एक 'अधिक एक' चिकटलेला होता. खालच्या चौकटीत तेच, त्याखालीही तेच.

"सापडली तुमची चूक! इतकी वर्षं रोज एक ताट जास्तीचं रांधतोय आपण. पुसते हा एक."

बाबांनी झडप घालून तिचा हात धरला.

 

"नको गं, राहू दे. दादा अवचित आला, तर उपाशी राहील."