काळी माशी

"ताई, नदीवर आज काळे किडे उठलेत. ट्राउट मासे तेच खातायत. काळीच माशी लावा," वाटाड्या म्हणाला.

हुकावर दोरा गुंडाळून नवऱ्यानं केलेली एकच काळी माशी डबीत उरली होती. माझी केमो चालू होती तेव्हाही तो या खोट्या माश्याच करत बसायचा. मी चिडायचे. मग मी बरी झाले आणि तोच झोपेत गेला.

वाटाड्यानं ती उजेडात धरली. "ही नेहमीसारखी पिसांची नाही, तुमच्या केसांची. उशीवरून वेचलेत, असं साहेब मागे इथं आले तेव्हा सांगत होते."

"बरं," म्हणून मी गळ टाकला. मासा लागला, गळाची दोरी तुटली, माशी गेली.

"तसलीच दुसरी करू या?"

मी डोक्यावरचा रुमाल सोडला.

"आता पांढरे उगवलेत."